लकवा गेला, पण थकवा जाईना. तरण्या रुग्णांच्या या दुखण्याला ‘आळस’ म्हणू नका

लकव्याचा झटका येऊन सहा-आठ महिने झालेले असतात. वाकडं झालेलं तोंड सरळ होतं, हात वर जायला लागतो, काठी सुटते. गावातले लोक भेटले की म्हणतात, “आता एकदम ठणठणीत दिसतोस की!” पण त्याच माणसाला सकाळी आंघोळ करून कपडे घातले की परत आडवं व्हावंसं वाटतं. दुपारी चार माणसं बोलायला बसली तर डोकं जड होतं. दोन वाफे खुरपले की पुढचा अख्खा दिवस अंथरुणात जातो. मग घरात कुजबुज सुरू होते, “वय तीस-पस्तीसचं, हातपाय चालतात, मग काम का होत नाही?”

याचं उत्तर आळसात शोधू नका, मेंदूत शोधा. लकव्यानंतर येणारा हा थकवा डॉक्टरांना चांगला माहीत असलेला त्रास आहे. जगभरातल्या पाहण्यांचा सरासरी हिशोब काढला तर झटका येऊन गेलेल्या साधारण निम्म्या रुग्णांना तो होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, एमआरआयमध्ये मोजता येत नाही, म्हणून घरच्यांना पटत नाही आणि रुग्णही सांगायला लाजतो. गावाकडे त्यातून कर्ज वाढतं, घरात भांडणं होतात आणि कधी कधी औषधं बंद पडून दुसरा झटकाही येतो. म्हणून हा थकवा नेमका काय आहे आणि त्यावर काय करता येतं, हे घरातल्या प्रत्येकानं समजून घेतलं पाहिजे.

लकवा फक्त म्हाताऱ्यांना होतो असं नाही

लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू किंवा ‘अंगावरून वारं जाणं’ ही सगळी एकाच दुखण्याची नावं. मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीनं बंद पडते किंवा फुटते. तेवढ्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथल्या पेशी मरतात. एकूण रुग्णांमध्ये म्हातारी माणसं जास्त असली तरी दर १०० पैकी साधारण १० ते १५ रुग्ण १८ ते ५० या वयातले असतात.

तरुणपणी झटका येण्याची कारणं अनेक आहेत. कधी न तपासलेलं ब्लडप्रेशर किंवा शुगर, तंबाखू, बिडी-सिगारेट, दारू. कधी लहानपणच्या सांधेतापानं खराब झालेली हृदयाची झडप. बायकांमध्ये बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत मेंदूतल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो.

तरुण रुग्णाची अडचण वेगळी असते. सत्तरीतल्या आजोबांनी बाजेवर पडून राहिलं तर कोणी काही म्हणत नाही. पण बत्तीस वर्षांच्या माणसाच्या मागे शेत, जनावरं, लेकरांची शाळा, सोसायटीचं कर्ज असतं. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीनं मुकादमाकडून उचल घेतलेली असेल, तर हंगाम सुरू झाला की कोयता उचलावाच लागतो. शरीर थोडं हलायला लागलं की सगळ्यांच्या अपेक्षा पूर्वीसारख्या होतात. मेंदू मात्र अजून पूर्वीसारखा झालेला नसतो.

हा थकवा नेहमीच्या थकव्यासारखा नसतो

दिवसभर कांदे काढले की थकवा येतो. रात्रभर झोपलं की सकाळी माणूस ताजातवाना होतो. लकव्यानंतरचा थकवा असा वागत नाही. त्याची लक्षणं साधारण अशी दिसतात:

• काम थोडंच असतं, पण थकवा त्या मानानं फार मोठा येतो.
• झोप होऊनही सकाळी अंग आणि डोकं जडच राहतं.
• थकवा हळूहळू चढत नाही. बॅटरी बंद पडावी तसा अचानक येतो.
• आज जास्त काम झालं तर त्याची फेड उद्या, कधी दोन-तीन दिवस करावी लागते.
• अंगमेहनतीशिवायही थकायला होतं. बँकेत फॉर्म भरणं, बाजाराची गर्दी, लग्नातला डीजे, एकाच वेळी दोघांचं बोलणं ऐकणं, यानंही माणूस गळून जातो.
• थकवा चढला की बोलताना शब्द सापडत नाहीत, चिडचिड होते, लंगडणं वाढतं. विश्रांती घेतली की पुन्हा कमी होतं.

झटका किती मोठा होता यावर हा थकवा अवलंबून नसतो. झटका सौम्य होता, दोन दिवसांत हात सुधारला, अशा माणसालाही तो गाठतो. असा माणूस बाहेरून पूर्ण बरा दिसतो, त्यामुळे त्याच्यावर तर कोणाचाच विश्वास बसत नाही.

नेदरलँड्समधल्या नाइमेखन शहरातल्या विद्यापीठ रुग्णालयाचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. १८ ते ५० या वयात झटका आलेल्या रुग्णांना सरासरी जवळपास १० वर्षांनी तपासलं, तेव्हा १०० पैकी ४१ जणांना थकव्याचा त्रास होता. झटका न आलेल्या लोकांमध्ये हे प्रमाण १०० पैकी १८ होतं. थकवा असलेल्या रुग्णांना रोजची कामं जास्त जड जात होती आणि विचार करण्याचा वेगही कमी पडत होता. म्हणजे हे दुखणं दोन-चार महिन्यांत संपतंच असं नाही. अनेकांचा थकवा हळूहळू कमी होतो, पण काहींना तो वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो.

असं का होतं?

आपल्या वजनाच्या फक्त दोन टक्के वजन मेंदूचं असतं, पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला साधारण पाचवा हिस्सा तो एकटाच वापरतो. झटक्यात त्याचा एखादा भाग कायमचा बंद पडतो. मग तिथलं काम दुसऱ्या भागांना करावं लागतं.

मुख्य रस्त्यावरचा पूल वाहून गेला की गाडी आडवाटेनं न्यावी लागते. गावाला पोचते, पण वेळ लागतो आणि डिझेलही जास्त जळतं. लकव्यानंतर मेंदूचं तसंच होतं. पूर्वी चहाचा कप उचलताना विचार करावा लागत नव्हता. आता तोच कप उचलायला, तोल सांभाळून चालायला, समोरच्याचं बोलणं समजायला मेंदूला जास्त राबावं लागतं. बघणाऱ्याला फक्त कप उचललेला दिसतो, त्यासाठी मेंदूची किती ताकद गेली ते दिसत नाही.

याशिवाय इतर कारणंही थकव्यात भर घालतात. दवाखान्यात आणि घरी महिनोन् महिने पडून राहिल्यानं स्नायू अशक्त होतात. खांदा दुखतो म्हणून झोप लागत नाही. मनात दुसऱ्या झटक्याची भीती असते. काही औषधांनी गुंगी येते. यातली काही कारणं दुरुस्त होऊ शकतात, म्हणून थकव्याची तपासणी करणं महत्त्वाचं आहे.

सर्वांत मोठी चूक: गोळ्या मनानं बंद करणं

थकवा जात नाही म्हटल्यावर घरात हमखास निघणारा विषय म्हणजे, “या गोळ्यांनीच अशक्तपणा आलाय, थोडे दिवस बंद करून बघ.” हे फार धोक्याचं आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी, ब्लडप्रेशरची गोळी, कोलेस्ट्रॉलची गोळी या दुसरा झटका येऊ नये म्हणून दिलेल्या असतात. त्या बंद केल्या की लगेच काही जाणवत नाही. उलट चार दिवस बरंही वाटू शकतं. पण आतला धोका वाढत राहतो आणि दुसरा झटका पहिल्यापेक्षा मोठा असू शकतो.

काही गोळ्यांनी खरोखरच थकवा वाढतो. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, फिट येऊ नये म्हणूनच्या गोळ्या, आखडलेले स्नायू सैल करणारी औषधं आणि झोपेच्या गोळ्या यांनी सुस्ती येऊ शकते. त्यावर उपाय आहे. डॉक्टर गोळी बदलू शकतात, डोस कमी करू शकतात किंवा सकाळची गोळी रात्री घ्यायला सांगू शकतात. तो निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत.

दुसरी चूक म्हणजे अशक्तपणा आला की सलाईन लावून घेणं किंवा ‘ताकदीचं’ इंजेक्शन घेणं. सलाईनमध्ये मुख्यतः पाणी आणि मीठ किंवा साखर असते. त्यानं मेंदूचा थकवा जात नाही, खिसा मात्र हलका होतो. नाव-गाव नसलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा वेदनाशामक औषध मिसळलेलं असू शकतं. त्यानं दोन दिवस तरतरी येते, पण ब्लडप्रेशर आणि शुगर वाढू शकते. कबुतराच्या रक्ताची मालिश करून लकवा किंवा थकवा बरा होत नाही.

आजघडीला लकव्यानंतरचा थकवा हमखास घालवणारी एकही गोळी सिद्ध झालेली नाही. म्हणून ‘एका कोर्समध्ये गॅरंटी’ असं सांगणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं.

आधी हे तपासून घ्या

थकव्याला आणखी कोणतं कारण जोडलं गेलंय का, हे साध्या तपासण्यांतून कळतं. डॉक्टरांकडे गेल्यावर या गोष्टी विचाराव्यात:

१. हिमोग्लोबिन: रक्त कमी असेल तर थकवा दुप्पट जाणवतो.
२. थायरॉइड, शुगर, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व: शाकाहारी लोकांमध्ये बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे. तपासून कमी निघालं तर बी-१२चं औषध जरूर घ्यावं, पण न तपासता इंजेक्शनं घेऊ नयेत.
३. ब्लडप्रेशर: ते जास्त असणं धोक्याचं आहेच. पण गोळ्यांनी फार खाली जात असेल तर उठल्यावर चक्कर आणि गळाठा येतो.
४. झोप: माणूस मोठ्यानं घोरतो, मध्येच श्वास अडकतो, दचकून उठतो, असं शेजारी झोपणाऱ्याच्या लक्षात आलं तर ते डॉक्टरांना जरूर सांगावं. झोपेत श्वास अडकण्याच्या या आजारानं दिवसा थकवा येतो आणि पुन्हा झटका येण्याचा धोकाही वाढतो. त्यावर उपचार आहेत.
५. मन: झटक्यानंतर साधारण तीनपैकी एका रुग्णाला नैराश्य येतं. थकव्यात माणसाला करायची इच्छा असते, पण ताकद नसते. नैराश्यात इच्छाच मरते. कशातच गोडी वाटत नाही, रडू येतं, जगून काय करायचं असे विचार येतात. दोन्ही एकत्रही असू शकतं. १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

ब्लडप्रेशर, शुगर आणि हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून मिळतं. तालुक्याला जाणं जमत नसेल तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत ‘ई-संजीवनी’वर डॉक्टरांशी बोलता येतं. आशाताईंना विचारलं तर त्या वेळ आणि दिवस सांगतात.

ताकद पैशासारखी जपून खर्च करा

या थकव्यात रुग्ण एका चक्रात अडकतो. एखाद्या दिवशी बरं वाटतं म्हणून तो साचलेली सगळी कामं उरकतो. मग दोन-तीन दिवस अंथरुणात पडतो. उठल्यावर पुन्हा तेच. या चक्रानं ताकद वाढत नाही, उलट धीर खचतो. हे चक्र मोडायचं असेल तर दिवसाची आखणी बदलावी लागते.

• दोन आठवडे नोंद ठेवा. साध्या वहीत किंवा मोबाइलवर लिहा: काय केलं, किती वेळ केलं, थकवा कधी आला. कोणत्या वेळी अंगात ताकद असते आणि कोणतं काम जास्त दमवतं, हे त्यातून कळतं.
• अवघड काम ताकदीच्या वेळी करा. बहुतेकांची सकाळ चांगली जाते. बँक, दवाखाना, हिशोब ही डोक्याची कामं त्या वेळी ठेवावीत. एकाच दिवशी तालुक्याचा बाजार आणि पाहुण्यांचा कार्यक्रम ठेवू नये.
• थकण्याआधी थांबा. अर्धा तास काम जमत असेल तर वीस मिनिटांनीच बसावं. पार गळून गेल्यावर घेतलेली विश्रांती पुरत नाही.
• विश्रांती म्हणजे मोबाइल नव्हे. रील बघताना मेंदू राबतच असतो. शांत जागी डोळे मिटून पंधरा-वीस मिनिटं पडावं. दुपारची झोप अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, नाहीतर रात्रीची झोप बिघडते.
• रोज थोडं चाला. पूर्ण पडून राहिल्यानं थकवा वाढतो. डॉक्टरांना विचारून दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. दुसऱ्या दिवशी जास्त गळाठा आला नाही तर आठवड्यानं दोन-तीन मिनिटं वाढवावीत. बरं वाटलं म्हणून एकदम दुप्पट करू नये.
• खाणं-पाणी वेळेवर ठेवा. डाळ, उसळ, पालेभाजी, दूध, चालत असेल तर अंडी. मीठ, लोणचं, पापड कमी. तंबाखू, मिश्री, दारू पूर्ण बंद.

महिन्या-दोन महिन्यांनी जुनी वही उघडून बघावी. रोज न जाणवणारी सुधारणा तिथे दिसते.

शेतात आणि कामावर

उन्हात हा थकवा लवकर चढतो. शेताची कामं सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर ठेवावीत. रात्रीच्या लाइटला पिकाला पाणी द्यायला जाण्याचं काम रुग्णाकडे देऊ नये. झोपमोड होते, शिवाय अंधारात तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. कडबाकुट्टी, मळणीयंत्र, विहिरीवरची मोटार, फवारणी ही कामं थकलेल्या माणसानं करू नयेत. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल पुन्हा चालवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. थकव्यात लक्ष उडतं आणि ब्रेक लावायला उशीर होतो.

बसून होणारी कामं वाटून द्यावीत. भाजी निवडणं, जुड्या बांधणं, दुधाचा हिशोब ठेवणं, रोपवाटिकेतलं हलकं काम. माणूस कामात राहतो, घराला हातभार लागतो आणि मनही उभारी धरतं.

नोकरी असेल तर पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळी घेऊ नये. सुरुवातीला अर्धा दिवस, मग हळूहळू वेळ वाढवणं, मध्ये विश्रांतीची सोय, असं डॉक्टरांकडून लिहून घेऊन साहेबांना द्यावं. ‘रुग्णास अशक्तपणा आहे’ एवढंच लिहिण्यापेक्षा ‘पक्षाघातानंतरचा थकवा’ असं स्पष्ट लिहिलेलं कामी येतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर त्या कारणानं त्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. खासगी कामावर आणि मजुरीवर असं संरक्षण मिळणं अवघड असतं. तिथे मालक, मुकादम यांच्याशी घरच्यांनी सोबत जाऊन बोललेलं बरं.

सुनेला आणि लेकीलाही थकवा येतो

पुरुषाला निदान ‘आराम कर’ म्हणणारं कोणी असतं. बाईला झटका येऊन गेला तरी चूल, पाणी, धुणं, लेकरं सुटत नाहीत. चालता यायला लागली की ती बरी झाली, असं धरलं जातं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे काहींना पाळीत जास्त रक्त जातं, हिमोग्लोबिन उतरतं आणि थकवा आणखी वाढतो. हे लाजून लपवू नये, आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगावं. पुढच्या बाळंतपणाचा विचार असेल किंवा पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घ्यायच्या असतील, तर आधी झटक्याची माहिती डॉक्टरांना दिलीच पाहिजे. अशा काही गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो.

घरच्यांनी काय करावं?

“उठ, जरा हातपाय हलव, सगळं मनावर असतं,” हे वाक्य रुग्णाला फार लागतं. त्याऐवजी “आज किती जमेल? बाकीचं आम्ही बघतो,” असं विचारावं. भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरवून द्यावी. एका वेळी एकानंच बोलावं, टीव्हीचा आवाज कमी ठेवावा. चिडचिड झाली तर लगेच उत्तर न देता त्याला पडू द्यावं. उलट टोकही गाठू नये. सगळंच हातात दिलं तर माणूस परावलंबी होतो. जे जमतं ते त्यालाच करू द्यावं, वेळ लागला तरी चालेल.

हा थकवा समजून घरी बसू नका

नेहमीचा थकवा चढ-उतार करत येतो आणि विश्रांतीनं थोडा ओसरतो. पण खालीलपैकी काहीही अचानक झालं तर तो नवा झटका असू शकतो:

• तोंड एका बाजूला वाकडं होणं
• एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बधिर होणं
• बोबडं बोलणं किंवा बोलणं न समजणं
• अचानक दिसेनासं होणं, तोल जाणं, असह्य डोकेदुखी

अशा वेळी मालिश, नवस किंवा ‘सकाळी बघू’ यात वेळ घालवू नये. लगेच १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यासाठी सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात पोचायला हवं. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. छातीत दुखणं किंवा धाप लागणं असेल तरीही थांबू नये.

लकव्यानंतरचा थकवा एका दिवसात जात नाही. पण कारण शोधलं, गोळ्या चालू ठेवल्या, दिवस नीट आखला आणि घरानं विश्वास ठेवला, तर अनेक तरुण हळूहळू शेतात, दुकानात, शाळेत परततात. गावात कोणाला झटका येऊन गेला असेल आणि तो अजून ‘कामाला लागला नाही’ म्हणून बोलणी खात असेल, तर ही माहिती त्याच्या घरापर्यंत जरूर पोचवा.

*(ही माहिती सर्वसाधारण जागृतीसाठी आहे. औषधं आणि व्यायामातला कोणताही बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करावा.)*